पटकन पचलं, की पटकन पुढे गेलं?

वसईतल्या गिरीज तलावाच्या काठी संध्याकाळी जी मंडळी टेकतात, त्यांच्यात पचनावरून सरळ दोन तट आहेत. ‘आपल्याला दगड घाला, दोन तासांत पोट मोकळं’ असं छाती पुढे काढून सांगणारे एक, आणि ‘रात्री भाताचा एक घास वर झाला तरी सकाळपर्यंत जडच’ म्हणणारे दुसरे. वाडीत केळीला पाणी सोडणारा आणि रोज उभ्याने चर्चगेट गाठणारा यांची पोटं वेगळी वागली तर समजू शकतं. पण एकाच आईच्या हातचं जेवून वाढलेले सख्खे भाऊसुद्धा या दोन तटांत विभागलेले दिसतात. कारण विचारलं तर दोघांचं उत्तर एकच: ज्याच्या त्याच्या आतड्याची घडण.

घडण वेगळी असते यात वाद नाही. ती किती वेगळी असते आणि पचनाच्या वेगाशी तिचा संबंध किती, यावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत बरंच काम झालं आहे. त्यातून निघालेली गोष्ट दोन्ही तटांना फारशी रुचणार नाही. ज्या लहान आतड्यात पचनाचा मुख्य कारभार चालतो, तिथला वेग आपण समजतो तेवढा माणसागणिक बदलत नाही. बदलतं ते दुसरंच काही.

आधी वेळेचा हिशेब. गिळायच्या बिनतारी कॅप्सूलने निरोगी माणसांत मोजलेले आकडे असे: जठर रिकामं व्हायला साधारण २ ते ५ तास, लहान आतडं ओलांडायला २ ते ६ तास, आणि मोठ्या आतड्यात १० तासांपासून ५९ तासांपर्यंत. म्हणजे सगळ्यात मोठी तफावत शेवटच्या टप्प्यात. तलावाकाठच्या तक्रारी या हिशेबात बसवून पाहा. जेवण ‘छातीवर बसणं’ हा जठराचा मामला. ‘पोट साफ न होणं’ हा मोठ्या आतड्याचा. मधलं लहान आतडं तक्रारीत कुठेच नाही. ते गुपचूप काम करतं आणि श्रेय-अपश्रेय शेजाऱ्यांच्या वाट्याला जातं.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी १९८६ साली औषधांच्या गोळ्या, दाणे आणि द्रव पदार्थ लहान आतड्यातून किती वेळात जातात याचे मोजमाप एकत्र करून पाहिले. द्रव असो, बारीक दाणे असोत की आख्खी गोळी, पोटात अन्न असो वा नसो, सरासरी आली तीन तासांच्या आसपास, तासभर इकडेतिकडे. उशीर होतो तो जठराच्या दाराशी. एकदा दार ओलांडलं की पुढची चाल बरीचशी ठरलेली. दिवसातून एकदाच घ्यायच्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या बनवणारे या तीन तासांचा हिशेब धरूनच त्या बनवतात.

ही चाल ठरवतं कोण? लहान आतड्याच्या भिंतीत विजेच्या संथ लाटा उठत असतात. सुरुवातीच्या भागात मिनिटाला साधारण १२, शेवटाकडे ८ च्या आसपास. जेवणानंतर आकुंचनं होतात ती मुख्यतः घुसळण्यासाठी, पुढे ढकलण्यासाठी कमी. पोट रिकामं झालं की वेगळाच कार्यक्रम सुरू होतो. दर दीड-दोन तासांनी एक जोरदार लाट जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाते आणि उरलंसुरलं झाडून नेते. पोटात कावळे ओरडतात म्हणतो त्यातला बराचसा आवाज हा. दिवसभर तोंड चालू ठेवणाऱ्या माणसाच्या आतड्याला ही झाडलोट करायला सवडच मिळत नाही. आणखी एक यंत्रणा १९८४ च्या सुमारास ब्रिटनमधल्या दोन गटांनी दाखवून दिली. न पचलेली चरबी लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोचली, की तिथून वरच्या भागाला ‘थांब’ असा निरोप जातो आणि सगळी चाल मंदावते. लग्नातलं तेलकट जेवण रात्रभर पुरतं ते काही अंशी यामुळे. हा ब्रेक निरोगी माणसांत सगळ्यांनाच आहे, सडपातळ असो की ऐसपैस.

आता लांबीकडे येऊ, कारण ‘त्याचं आतडंच लांब’ हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मोजलेली लहान आतडी सुमारे ३ मीटरपासून ८ मीटरच्या पुढेपर्यंत भरली आहेत. दुपटीहून जास्त फरक! पुरुषांचं सरासरीने थोडं लांब, उंचीशी संबंध आहे पण कमकुवत. एवढा फरक असूनही ओलांडायच्या वेळेत तेवढा फरक पडत नाही, कारण आहारातल्या बहुतेक पोषणाचं शोषण पहिल्या मीटर-दोन मीटरमध्येच उरकलेलं असतं. बाकीची लांबी राखीव. बी-१२ जीवनसत्त्व आणि पित्तक्षार मात्र शेवटच्या भागातच शोषले जातात, म्हणून आतड्याच्या क्षयात किंवा टायफॉइडने भोक पडल्यावर तो भाग कापावा लागला तर माणूस वर्षानुवर्षं त्याची किंमत मोजतो. आतड्याचा क्षय नेमका त्याच कोपऱ्यात, लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्याशी घर करतो, आणि तो आपल्याकडे अजून दुर्मीळ झालेला नाही.

क्षेत्रफळाबाबतही एक दंतकथा खोडायला हवी. आतड्याचं अस्तर उलगडलं तर टेनिसचं मैदान व्यापेल असं शाळेत शिकवत. स्वीडनच्या दोन शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये नव्याने मोजदाद केली तेव्हा पोटातल्या सगळ्या नळीचं मिळून सुमारे ३२ चौरस मीटर भरलं. बॅडमिंटनचं अर्धं मैदान म्हणा. तेही कमी नाही.

मग काही जणांचा वेग खरोखरच वेगळा असतो का? असतो, आणि त्याची कारणं बहुतेक वेळा घडणीत नसून त्या त्या वेळच्या अवस्थेत असतात. थायरॉइड जास्त असलेल्यांची चाल वाढते, कमी असलेल्यांची रेंगाळते. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, ती मंदावते. प्रोजेस्टेरॉनमुळे स्नायू सैलावतात हे त्यामागचं कारण सांगितलं जातं. खूप वर्षांच्या मधुमेहात आतड्याच्या नसा बिघडल्या की चाल कुणाची अडखळते, कुणाची सुसाट सुटते. मनाचंही तसंच. १९९६ च्या एका ब्रिटिश अभ्यासात चिंताग्रस्त रुग्णांमध्ये तोंडापासून मोठ्या आतड्यापर्यंतचा प्रवास लवकर झाला, नैराश्य असलेल्यांमध्ये तो लांबला. परीक्षेच्या सकाळी मुलाचं पोट का बिघडतं हे आईला सांगायला अभ्यासाची गरज नव्हती, पण आकडा मिळाला हे बरं झालं. वाढत्या वयाला लोक फार दोष देतात. लहान आतड्याच्या बाबतीत तो बहुधा खोटा आहे. म्हातारपणी मंदावतं ते मुख्यतः मोठं आतडं.

एक अडचण मोजणाऱ्यांचीही आहे. सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे लॅक्टुलोजचं पाणी प्यायला देऊन श्वासातला हायड्रोजन तपासणं. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत लॅक्टुलोज पोचलं की ते हायड्रोजन सोडतात, तो रक्तातून फुप्फुसात येतो आणि फुंकरीत सापडतो. कल्पना सुरेख. पण लॅक्टुलोज स्वतःच पाणी ओढून आतड्याची चाल वाढवतं. शिवाय एकाच माणसाची दोन वेगळ्या दिवशी तपासणी केली तरी आकडे जुळत नाहीत. अमेरिकेतल्या मायो क्लिनिकच्या संशोधकांनी १९९६ साली निरोगी स्त्री-पुरुषांची पुन्हा पुन्हा मोजणी केली तेव्हाही माणसामाणसांत आणि एकाच माणसाच्या दोन मोजण्यांत बराच फरक आढळला. तेव्हा ‘माझा वेग असा’ हे वाक्य बोलताना ‘आज’ हा शब्द पुढे जोडायला हरकत नाही. अलीकडे निळा रंग घातलेला मफिन खाऊन शौचाला निळं कधी दिसतं हे पाहायची टूम निघाली. २०२१ च्या त्या अभ्यासात आठशेहून जास्त लोकांचा मध्यम आकडा आला सुमारे २९ तास. आकडा खरा, पण तो आख्ख्या नळीचा आहे आणि त्यातला बहुतेक वेळ मोठ्या आतड्याचा.

वेगाची गोष्ट एवढ्यावर थांबवून खरा फरक जिथे आहे तिथे जाऊ. तो आहे आतड्याच्या अस्तरावर. तिथे अन्नाचे शेवटचे तुकडे करणारी एन्झाइमं बसलेली असतात आणि ती कुणाकडे किती असावीत हे बरंचसं जन्मानेच ठरतं.

सर्वात ठळक उदाहरण दुधाचं, आणि वसईइतकं ते कुठे शोभणार? इथल्या सामवेदी समाजातल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या भाजी-केळ्यांच्या जोडीने मुंबईला दूधही पुरवलं. म्हशी गोठ्यात, दूध घरात. तरी त्याच गावात दुधाचा पेला पिऊन तासाभरात पोटात गुडगुड सुरू होणारी माणसं भरपूर. दुधातली साखर, लॅक्टोज, तोडायला लॅक्टेज हे एन्झाइम लागतं. सगळ्या सस्तन प्राण्यांत ते दूध सुटल्यावर ओसरतं. काही माणसांत एका जनुकीय बदलामुळे ते आयुष्यभर टिकतं. दिल्लीच्या डॉक्टरांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत लॅक्टोज न पचण्याचं प्रमाण उत्तर भारतीयांत सुमारे २७ टक्के निघालं आणि दक्षिण भारतीयांत सुमारे ६७ टक्के. २०१२ मध्ये देशभरातल्या जनुकीय नमुन्यांवरून दिसलं, की दूध पचवणारा तो बदल वायव्येकडे जास्त आणि आग्नेयेकडे कमी होत जातो, आणि युरोपातल्या बदलाशी तो जुळतो. महाराष्ट्र या उतारावर मधोमध. म्हणून एकाच पंगतीत दोन्ही प्रकारची माणसं बसलेली असतात.

आता गंमत पाहा. लॅक्टेज नसलेल्या माणसाच्या लहान आतड्यात दुधाची साखर तशीच राहते, पाणी ओढते, आतडं फुगतं आणि सगळा ऐवज भराभर पुढे जातो. तलावाकाठी तोच माणूस म्हणेल, ‘दूध मला लगेच पचतं, तासाभरात जावंच लागतं.’ पचलेलं काहीच नसतं. न पचल्यामुळेच तो वेग आलेला असतो. माझ्या मते या सगळ्या विषयातला मोठा गोंधळ इथे आहे. पुढे जाणं आणि पचणं या दोन गोष्टी आपण एकाच मापाने मोजतो, आणि लवकर संडासला जाणाऱ्याला उगाच पहिलवान समजतो.

चरकसंहितेत हे निरीक्षण फार पूर्वीचं आहे. सूत्रस्थानात स्नेहाच्या अध्यायात मृदू कोठ्याच्या माणसाला गूळ, उसाचा रस, दूध, दही, खीर, द्राक्षं, कोमट पाणी एवढ्यानेही रेच होतो असं सांगितलं आहे. क्रूर कोठ्याच्या माणसाला याने काही होत नाही. यादी नीट पाहिली तर त्यात दूध आहे आणि गोड पदार्थ आहेत, म्हणजे न शोषली गेल्यास पाणी ओढणाऱ्या साखरा. चरकाचं स्पष्टीकरण ग्रहणीतल्या पित्त-वाताचं, आजचं एन्झाइमांचं. स्पष्टीकरणं जुळत नाहीत, माणसं ओळखण्याची नजर मात्र अचूक होती. आयुर्वेदातल्या प्रकृतीचा जनुकांशी मेळ घालायचे प्रयत्न पुण्यात आणि दिल्लीत झाले. पुण्याच्या एका गटाला पित्त आणि कफ प्रकृतींत औषधं फोडणाऱ्या एका एन्झाइमचा फरक दिसला. पण ते एन्झाइम मुख्यतः यकृतातलं. त्यावरून लहान आतड्याचा वेग सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवायचं कारण नाही.

दही मात्र दूध न सोसणाऱ्यांनाही बऱ्याचदा चालतं. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसलं, की दह्यातले जिवाणू स्वतःचं लॅक्टेज सोबत आणतात आणि लहान आतड्यात पोचून आपल्या वाट्याचं काम करून टाकतात. जेवण ताकाने संपवणाऱ्या आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

पिष्टाच्या बाबतीत तफावत तोंडापासूनच सुरू होते. लाळेतलं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुणाकडे दोन-तीन, कुणाकडे दहाच्याही वर. ज्या समाजांत पिष्टमय अन्न जास्त, तिथे या प्रती सरासरीने जास्त, असं २००७ मध्ये दाखवलं गेलं. भात खाणाऱ्या किनारपट्टीला हे शुभवर्तमान. ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांत साध्या साखरेचं एन्झाइमच जन्मतः नसलेली माणसं शंभरात पाच-दहा सापडतात. पिढ्यान्‌पिढ्या मासे आणि सील खाणाऱ्यांचं त्यावाचून अडलं नाही. गव्हाचं उदाहरण आपल्या जवळचं. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तरावरचे सूक्ष्म अंकुर झिजवणारा सीलिअ‍ॅक रोग उत्तरेकडच्या गव्हाच्या पट्ट्यात साधारण शंभरात एकाला, दक्षिणेत त्याच्या कितीतरी कमी. अंकुर झिजले की शोषण बिघडतं आणि चालही अडखळते. मुलाची वाढ खुंटते, रक्त कमी राहतं, लोहाच्या गोळ्या देऊनही चढत नाही.

आणि आता केळं. ज्या गावाच्या वाड्या केळीच्या, तिथे केळ्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. १९८६ मध्ये केंब्रिजच्या हान्स इंग्लिस्ट आणि जॉन कमिंग्ज यांनी एक सुंदर प्रयोग केला. मोठं आतडं काढून टाकलेल्या, लहान आतड्याचं टोक पोटावर उघडलेल्या माणसांना त्यांनी केळी खायला दिली आणि लहान आतड्यातून जे बाहेर आलं ते थेट तपासलं. सोळा आणे हिशेब. कच्च्या, हिरव्या केळ्यातलं पिष्ट बहुतांश न पचताच बाहेर पडलं, जवळजवळ नव्वद टक्क्यांपर्यंत. केळं जसं पिकत जाईल तसा हा आकडा घसरला, कारण पिकताना पिष्टाची साखर होते आणि ती आतडं सहज उचलतं. फळ एक, आतडं तेच, फरक पिकण्याचा.

वसईत याची दोन टोकं एकाच झाडावर सापडतात. राजेळी जातीचं केळं पूर्ण पिकवून, सोलून, उन्हात सुकवलं की सुकेळी होते: तपकिरी, चिवट, दाताला चिकटणारी आणि साखरेने भरलेली. ती लहान आतड्यात जवळपास सगळी शोषली जाते, म्हणून मधुमेह्याने तिच्याकडे लांबूनच पाहिलेलं बरं. तीच केळी हिरवी असताना उतरवून भाजीत घातली तर शिजवण्यामुळे पिष्ट फुलतं आणि तीही पचते. ती भाजी थंड करून दुसऱ्या दिवशी खाल्ली तर काही पिष्ट पुन्हा घट्ट होऊन आतड्याच्या हातून निसटतं. शिळ्या भाताचंही तेच. एन्झाइमांची जन्मजात तफावत काही पदार्थांपुरती असते. केळ्यावर झालेल्या पिकण्या-शिजवण्याच्या संस्काराचा फरक सगळ्यांनाच लागू पडतो. ‘माझी प्रकृती’ म्हणत बसणाऱ्यांनी आधी स्वयंपाकघरात डोकवावं.

आतड्याच्या घडणीवर जागेचाही ठसा उमटतो. १९६० च्या दशकात वेल्लोरला आणि इतरत्र तपासण्या झाल्या, तेव्हा धडधाकट भारतीयांच्या लहान आतड्यातले अंकुर पाश्चात्त्यांसारखे बोटाच्या आकाराचे न दिसता पानासारखे रुंद दिसले. वंशाचा गुण म्हणावा तर त्याच काळात त्या वेळच्या पाकिस्तानात कामाला आलेल्या अमेरिकी पीस कोअरच्या तरुण स्वयंसेवकांच्या आतड्यातही असेच बदल आढळले. मायदेशी परतल्यावर ते हळूहळू पूर्ववत झाले. म्हणजे हा गुण रक्ताचा नसून पाण्याचा आणि सभोवतालच्या जंतूंचा. आमच्या वसईच्या पट्ट्यात बावखलं, म्हणजे वाड्यांमधली गोड्या पाण्याची तळी, बुजवून इमारती उठल्या आणि विहिरींशेजारी शोषखड्डे आले, तेव्हा हा प्रश्न सौंदर्याचा किंवा जुन्या आठवणींचा उरत नाही. तो प्रत्येक मुलाच्या आतड्याच्या अंकुरांपर्यंत जातो.

एकूण नळीचा विचार केला तर आपण भारतीय वेगवानच. लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या डॉ. उदय घोषाल यांच्या गटाला बद्धकोष्ठाच्या तपासणीचं पाश्चात्त्य वेळापत्रक २००७ मध्ये बदलून घ्यावं लागलं. दिवसागणिक गिळायला दिलेले खुणेचे कण क्ष-किरण काढायच्या आधीच निघून जात होते. डेनिस बर्किट यांनी १९७२ मध्ये आफ्रिकी खेडूत आणि इंग्रज यांच्यात दाखवलेला फरक याच जातीचा. कारण मुख्यतः आहारातला चोथा, आणि फरक मुख्यतः मोठ्या आतड्यात.

म्हणूनच पचन ‘वाढवायला’ घेतल्या जाणाऱ्या चूर्णांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ज्यात सोनामुखी असते ती मोठ्या आतड्यावर काम करतात. लहान आतड्यात त्याने काही जास्त पचत नाही. उलट शेफिल्डला १९८३ मध्ये झालेल्या प्रयोगांत औषधांनी लहान आतड्याची चाल मुद्दाम वाढवली, तेव्हा शोषण कमी झालं. वजन उतरवण्यासाठी आलेली नवी इंजेक्शनं जठर मंदावतात. त्या काळात जेवण ‘उतरत नाही’ वाटलं तर तो दोष आतड्याचा नाही.

तुमचं पोट भावाच्या पोटासारखं वागत नसेल तर त्यात बिघाड शोधू नका. मात्र काही खुणा वेगाच्या गप्पांत हरवू देऊ नका: कारण नसताना घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, शौचातून रक्त, तेलकट तरंगणारा मल, औषधाला दाद न देणारं पांडुत्व, उजव्या बाजूला खालच्या पोटात दुखणं आणि सोबत बारीक ताप. यातली एकही असेल तर सरळ डॉक्टर गाठा. दुधाचा संशय असेल तर दोन आठवडे दूध पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करून पाहा. तरी निकाल लागला नाही तर लॅक्टोज देऊन हायड्रोजनची श्वास तपासणी करून घ्या. तिला दोन-तीन तास लागतात, सुई टोचत नाहीत, आदल्या रात्रीपासून उपाशी राहावं लागतं आणि ठराविक वेळाने नळीत फुंकर मारावी लागते.